बत्तीस दातांचा घोडा

विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावरून खोका उतरवून घेतला आणि कवळीवाले सरळ कस्टमच्या लाल दाराकडे वळले. बायकोची ढकलगाडी तोवर हिरव्या दाराच्या तोंडाशी पोचली होती.

"अहो, इकडे! दाखवण्यासारखं काही नसलं की हिरव्यातून जायचं. लेकीनं फोनवर हजारदा सांगितलंय."

"आपल्याकडे आहे," कवळीवाले म्हणाले.

"काय आहे? माझे चार कपडे आणि तुमच्या गोळ्या?"

"घोडा."

बायकोनं डोळे मिटून घेतले.

कवळीवाल्यांचा सगळा जन्म लोकांच्या तोंडात गेला होता. त्यांनी बनवलेल्या कवळ्या निम्मं गाव घालत असे. धंदा बंद केल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी परदेशातल्या नातीसाठी लाकडी घोडा कोरायला घेतला. उंची गुडघ्याएवढी. मान जरा जाड झाली होती, एक पाय आखूड पडला होता, पण दात! वर सोळा, खाली सोळा, गुलाबी हिरड्यांसकट, अस्सल कवळीचे. घोडा ओठ फाकवून असा हसायचा, की दारात येणारा माणूस आधी एक पाऊल मागे घ्यायचा. बायकोनं तर पहिल्या दिवशीच निकाल दिला होता, "माझ्या थोरल्या भावाचा फोटो समोर ठेवून केलाय."

"पाटी वाच," कवळीवाल्यांनी भिंतीकडे बोट केलं. "भेटवस्तू माणशी ठरावीक किमतीपर्यंत माफ. त्याच्या वर ड्युटी. आपला घोडा वर जातो."

"कसला वर जातोय! तीन पायांवर उभा राहतो तेच नशीब."

पण कवळीवाले लाल दारातून आत गेलेसुद्धा.

टेबलामागे निळ्या गणवेशातली एक तरुण अधिकारी बसली होती. नवरा-बायको दोघांचंही इंग्रजी कामापुरतंच होतं, पण कवळीवाले इतक्या खात्रीनं बोलत, की चूक समोरच्याला स्वतःची वाटायची.

"दारू?" तिनं विचारलं.

"नाही."

"सिगारेट? अत्तर?"

"नाही. घोडा."

तिनं चमकून वर पाहिलं. "जिवंत?"

"जवळजवळ."

खोका उघडला. घोडा हसला. तरुणीची खुर्ची आपोआप जरा मागे सरकली. मग स्वतःला सावरत ती म्हणाली, "खेळणं आहे. सवलतीत बसतं. हिरव्या दारानं जा."

"किंमत न विचारताच?"

"साधारण अंदाज आला मला."

हा अंदाज कवळीवाल्यांना फार झोंबला. "तुमच्या साहेबांना बोलवा," ते म्हणाले. "मला ड्युटी भरायचीय."

असं वाक्य त्या टेबलापाशी आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. तरुणी मऊ आवाजात म्हणाली, "बसा हं तुम्ही. पाणी देऊ का?"

"देऊ नका," बायको मागून म्हणाली. "पाणी प्यायले की आणखी बोलतात."

वस्तूंच्या किमती ठरवणारे साहेब आले. हातात भिंग, चेहऱ्यावर घाई. त्यांनी घोड्याची पाठ थोपटली, आखूड पाय हलवून पाहिला. "घरगुती खेळणं. किंमत नगण्य."

कवळीवाल्यांनी साहेबांचा भिंगवाला हात धरला आणि घोड्याच्या तोंडासमोर नेला. "आधी दात बघा. मग बोला."

साहेब बघू लागले. दाढेमागून दाढ बघत गेले. घाई कुठल्या कुठे गेली. थोड्या वेळानं त्यांनी नकळत स्वतःच्या जबड्याला हात लावला. "हे तुम्ही बनवलंत? म्हणजे, माझी... बोलताना जरा..."

"वरची सुटते," कवळीवाले म्हणाले. "तुम्ही 'नगण्य' म्हणालात तेव्हाच ऐकू आलं मला."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. "हे खेळणं नाही," ते भारावून म्हणाले. "ही कलाकृती आहे."

कवळीवाल्यांनी वळून बायकोकडे असं पाहिलं, की घोड्याचं हसू त्यापुढे फिकं पडावं.

"किंमत अर्थातच सवलतीच्या बरीच वर," साहेब पुढे म्हणाले. "आणि सवलतीच्या वरची कलाकृती कागदपत्रांशिवाय सोडता येत नाही. ती गोदामात राहील. पुढच्या महिन्यात समिती बसते. समिती ठरवील."

"पुढच्या महिन्यात? अहो, नातीचा वाढदिवस आज आहे!"

"समिती फार चांगली आहे," साहेब म्हणाले.

कवळीवाल्यांचा चेहरा उतरला. त्यांनी घसा खाकरला. "तशी कला वगैरे काही नाही त्यात. हा पाय बघा. आखूड आहे."

"तुम्ही विनय करताय."

"मी आयुष्यात कधी विनय केला नाही! विचारा माझ्या बायकोला!"

साहेबांनी खरंच बायकोकडे पाहिलं. कवळीवाल्यांनीही पाहिलं, मोठ्या आशेनं. "सांग ना गं. मान कशी झालीय ते सांग. तुझ्या भावाचं सांग."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. कवळी टोचते म्हणून कुणी परत आलं, तर "कवळी बरोबर आहे, तुमचा जबडा चुकलाय" असं सांगून वाटेला लावणारा हा माणूस. आणि आज तो परक्या माणसांपुढे आपल्याच घोड्याचा आखूड पाय उचलून दाखवत होता. तिला ते बघवेना.

"घोडा उत्तम आहे," ती म्हणाली.

"अगं!"

"तुम्ही गप्प बसा. उत्तम आहे म्हणजे आहे. रात्रंदिवस खपताना मी बघितलंय." मग ती साहेबांकडे वळली. "सवलत माणशी आहे ना? तुमच्या पाटीवरच लिहिलंय. मग माझी कुठे गेली? घोडा दोघांचा आहे."

"दोघांचा कसा?"

"शेपूट कुणाची आहे, ते विचारा ह्यांना."

कवळीवाले जमिनीकडे पाहू लागले. शेपटीसाठी त्यांनी कपाटातल्या खालच्या कप्प्यातून एक जुनं गंगावन लांबवलं होतं, आणि ही गोष्ट बायकोच्या लक्षात आलेली नाही अशी त्यांची पक्की समजूत होती.

"माझं गंगावन आहे ते. वेणीला जोडायचे केस. न विचारता घेतलेत. तेव्हा मागचा अर्धा घोडा माझा, पुढचा ह्यांचा. दोन माणसं, दोन सवलती. बसवा हिशोब."

साहेब विचारात पडले. "पण अशी कलाकृती अर्धी-अर्धी..."

"बायकोचे केस उचलून लावलेत त्याला, साहेब. असल्या वस्तूला आमच्याकडे कलाकृती नाही, घरातलं भांडण म्हणतात."

तरुणी फस्सकन हसली. साहेबांनाही हसू आलं, तशी त्यांची वरची कवळी निसटायला आली. ती त्यांनी वेळेवर आवरली आणि निम्मी किंमत एकाच्या नावावर, निम्मी दुसऱ्याच्या नावावर लावून टाकली. दोन्ही बाजू सवलतीत बसल्या.

"पण पुढच्या भागाची किंमत जास्त..." कवळीवाले सुरू झाले. बायकोनं त्यांच्या पायावर पाय ठेवला आणि घोडा ढकलगाडीवर चढला.

बाहेर लेक कठड्याला टेकून वाट बघत होती. "बाबा, किती उशीर! कस्टमवाल्यांनी अडवलं की काय?"

"त्यांनी कशाला अडवलंय," आई म्हणाली. "ह्यांनीच त्यांना अडवून धरलं होतं."

कवळीवाल्यांनी तिथेच फरशीवर खोका उघडला. नात पुढे आली, वाकली, बत्तीस दात पाहिले आणि तिनं असं भोकाड पसरलं, की आसपासच्या चार कुटुंबांनी माना वळवल्या. मग हुंदके देतच ती घोड्याला वळसा घालून मागे गेली. तिथली लांब, काळी, मऊ शेपूट तिनं गालाला लावली आणि तिचं रडू थांबलं. घरी पोचेपर्यंत गाडीत घोडा मांडीवर उलटा धरून ती शेपटीलाच बिलगून राहिली.

बायको खिडकीबाहेर बघत होती. काही बोलत नव्हती, पण तिचं ते न बोलणंही कवळीवाल्यांना नीट ऐकू येत होतं.

"अजून दुधाचे आहेत तिचे," शेवटी ते म्हणाले. "ते पडू देत. मग कळेल तिला दात काय चीज असते."