हनुवटी थोडी खाली

भाऊजींच्या दवाखान्याच्या भिंतीवर कुठला फोटो लागतो, यावर हनुवटीरावांचं पुढचं सगळं आयुष्य लटकलं होतं. भाऊजी म्हणजे हनुवटीरावांच्या ताईचे यजमान, दातांचे डॉक्टर. पेशंट बाहेर ताटकळत बसतात तिथे शंखशिंपल्यांचा एखादा शांत फोटो असावा, म्हणजे आतल्या यंत्राच्या आवाजाकडे लक्ष जात नाही, असं त्यांचं मत होतं. फोटो जमला तर बाकीच्या भिंतीही हनुवटीरावांच्या. नाही जमला तर त्यांनी स्टुडिओला कुलूप लावायचं आणि दवाखान्यात दातांचे एक्स-रे काढायला यायचं. "शेवटी तोही फोटोच," भाऊजी म्हणाले होते, "आणि दात निदान जागचे हलत तरी नाहीत."

हनुवटीरावांचा स्टुडिओ पासपोर्ट फोटोंचा. चेहरा मधोमध आणि दोन्ही कान स्पष्ट, नाहीतर पासपोर्टच्या ऑफिसातून फोटो परत. मागे पांढरा पडदा, पुढे करकरणारं गोल स्टूल. त्यावर कोणी टेकलं की ते कर्रर करायचं आणि हनुवटीराव म्हणायचे, "मधे बसा. समोर बघा. हनुवटी थोडी खाली." अख्ख्या गावाच्या हनुवट्या त्यांनी अशा खाली आणल्या होत्या, त्यावरूनच हे नाव पडलं. खरं नाव त्यांच्या पासपोर्टवर असतं, पण त्यांनी पासपोर्ट काढलाच नव्हता. त्यांचा फोटो काढणार कोण?

शिंपल्यांचा पहिला फोटो त्यांनी घरीच काढला. पांढरा कपडा, मधोमध एका रांगेत शिंपले, प्रत्येकाचं तोंड समोर. भाऊजींनी तो बराच वेळ पाहिला.

"हा तर माझा ट्रे आहे," ते म्हणाले. "उपटलेले दात. हे पाहून बसलेला माणूससुद्धा उठून जाईल."

घरी बायकोनेही तेच सांगितलं, फक्त जास्त मोकळेपणाने. ती चपलांच्या दुकानातली काचेची खिडकी सजवायची, त्यामुळे मांडणीवर बोलायचा तिला अधिकार होता आणि तो ती वापरायची. "तुमचं सगळं मधोमध. मी खिडकीत एकच बूट ठेवते, तोही कडेला. बाकी जागा मोकळी. कोणीतरी आत्ता येऊन उभं राहणार आहे असं वाटायला पाहिजे."

"कोण येणार?"

"कोणीही. जागा ठेवली की येतंच कोणीतरी."

तेव्हा शेवटचा प्रयत्न म्हणून हनुवटीराव सकाळीच समुद्रावर गेले. धुकं इतकं दाट होतं की समुद्र नुसता ऐकू येत होता. वारा नव्हता, माणूस नव्हतं, कुत्रंसुद्धा नव्हतं. त्यांनी चांगले दिसतील ते शंखशिंपले गोळा केले आणि कोरड्या वाळूवर शाळेच्या ग्रुप फोटोसारखे बसवले. उंच मागे, बुटके पुढे, आणि मोठा शंख मुख्याध्यापकांच्या जागी मधे. मग कॅमेऱ्याची काच पुसायला ते जरा वळले. परत बघतात तर मुख्याध्यापक डावीकडे कडेला जाऊन बसलेले.

लाट आली असावी म्हणावं तर वाळू कोरडी ठणठणीत होती. आत खेकडा असावा म्हणून त्यांनी शंख उचलून हलवला, कानाला लावला, आत फुंकरही मारली. रिकामा. त्यांनी तो परत मधे ठेवला आणि पापणी लवते न लवते तोच तो पुन्हा कडेला होता. या वेळी बुटक्या शिंपल्यांनीही रांग मोडली होती आणि वाळूवर सरपटल्याची एक रेघ नव्हती.

दुसरा कोणी असता तर पळत सुटला असता. हनुवटीरावांना राग आला. गिऱ्हाईक हलतं, हे ते मान्य करत. पण हललं की निदान सॉरी म्हणतं. त्यांनी दात-ओठ खात सगळ्यांना आपापल्या जागी बसवलं, नजर न काढता बटण दाबलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. डोळ्यांसमोर वाळूवर ग्रुप फोटो जसाच्या तसा होता. पडद्यावर मात्र शंख डाव्या कडेला, शिंपले त्याच्यामागे सहज विखुरलेले, आणि उजवीकडे लांबच लांब मोकळी वाळू. मांडणी करताना वाळूवर उमटलेले त्यांच्या गुडघ्यांचे ठसे, तेही कोणीतरी काढून टाकले होते.

फोटो अप्रतिम होता. तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

ते निघायला वळले आणि थबकले. गाडीपासून ते नाकासमोर सरळ चालत आले होते. वाळूवर उमटलेली त्यांची पावलं मात्र धुक्यातून एक सुंदर वळण घेऊन आली होती.

घरी बायकोने फोटो पाहिला, चष्मा लावून पुन्हा पाहिला आणि विचारलं, "हा तुम्ही काढलात?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण इतक्या वर्षांत तिच्या आवाजात हा सूर त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता. "मग काय," ते म्हणाले.

"जागा किती छान सोडलीय," बायको म्हणाली. मग जरा वेळाने, हळू आवाजात, "जरा जास्तच सोडलीय, नाही?"

भाऊजींनी फोटो लगेच भिंतीवर लावला, उरलेल्या भिंती हनुवटीरावांच्या नावावर केल्या आणि एक्स-रेचा विषय बंद झाला. पेशंट त्या फोटोखाली इतके शांत बसायचे की नाव पुकारलं तरी उठायचे नाहीत. मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. संध्याकाळी भिंतीला लावलेल्या खुर्च्या सकाळी कोनात मांडलेल्या सापडायच्या आणि मधली जागा मोकळी असायची. भाऊजींना वाटलं, झाडलोट करणाऱ्या बाईंना हौस आहे. बाईंना वाटलं, भाऊजींना आहे.

त्यानंतर वेडेवाकडे दात घेऊन एक मुलगी आली. तारा बसवायच्या म्हणून आईबरोबर फोटोखाली बसली, नंबर लागल्यावर आत जाऊन तिने तोंड उघडलं, तर दात मोत्यांसारखे सरळ. आईने भाऊजींकडे असं पाहिलं की जणू दात तिरके असल्याची अफवा त्यांनीच उठवली होती. त्या आठवड्यात तारांचं काम घेऊन आलेले सगळेच पेशंट असे बरे होऊन गेले. भाऊजी चिडचिडे झाले, पण सरळ दातांबद्दल तक्रार तरी कुणाकडे करणार?

शेवटी बँकेतले एक गृहस्थ नुसते दात साफ करायला आले. बत्तिशी अखंड, पाहत राहावी अशी. बाहेर थोडा वेळ बसले, मग आत येऊन तोंड उघडलं, तर वरचा एक दात गायब. रक्त नाही, दुखणं नाही. तिथे नुसती मोकळी जागा. भाऊजींनी आरसा दिला. गृहस्थांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, हसून पाहिलं आणि म्हणाले की बरं दिसतंय, आधी फार गर्दी वाटायची.

त्या दिवशी दुपारीच भाऊजी स्टुडिओत आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो होता. त्यांनी तो टेबलावर उघडला आणि शंखाशेजारच्या एका पांढऱ्याशुभ्र शिंपल्यावर बोट ठेवलं.

"हा इथे होता?"

हनुवटीरावांना आठवेना. बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती, तिला मात्र आठवत होतं. "नव्हता," ती म्हणाली.

"हा शिंपला नाही," भाऊजी म्हणाले. "वरचा, डाव्या बाजूचा. मी रोज बघतो, मला नको शिकवूस." शिकवायला कोणी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. हनुवटीरावांनी तर ते घट्ट मिटूनच घेतलं होतं. भाऊजी दाराकडे सरकले. भिंती रद्द. एक्स-रेही रद्द, तू दवाखान्याच्या आसपास फिरकूसुद्धा नकोस, ताईला भेटायचं तर बाहेर भेट. एवढं बोलून ते गेले. जाताना त्यांचा भांग बाजूला सरकला होता आणि चांगला दिसत होता.

स्टुडिओत नवरा-बायको दोघंच उरली. फोटो त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवला, पण दुपारनंतर आलेली सगळी गिऱ्हाइकं फोटोत डाव्या कडेला आली, उजवीकडे पांढरा पडदा नुसता मोकळा. असले फोटो पासपोर्टच्या ऑफिसात कोण घेणार? एक्स-रे गेले, भिंती गेल्या, आता पोटापाण्याचा धंदाही जायच्या वाटेवर होता. शेवटी हनुवटीरावांनी सगळं खरं सांगून टाकलं. शंख, ठसे, पावलं, सगळं.

बायको रागावली नाही. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "इतकं चांगलं तुम्हाला कुठलं जमायला." फोटो सुलटा करून ती त्या मोकळ्या वाळूकडे बघत राहिली. "प्रत्येक वेळी उजवीकडेच जागा ठेवतंय. सगळ्यांना नीट बसवतंय, स्वतः मात्र कुठेच नाही. तुमच्यासारखंच झालं की. त्याचा फोटो कधी कोणी काढलाय?"

हे हनुवटीरावांना लागलं, म्हणजे आतून पटलं. शेवटी ते धंद्यातलं माणूस होतं. माणूस नसेल, पण धंद्यातलं होतं.

त्यांनी पडदा ताणला, दिवे लावले आणि कॅमेऱ्यामागे उभे राहिले. समोर रिकामं स्टूल होतं. आवाज नेहमीचाच निघाला.

"या, बसा," ते म्हणाले. "कडेला नाही. मधे बसा."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग स्टूल सावकाश कर्रर वाजलं.

"समोर बघा. हनुवटी थोडी खाली." ते थांबले. "अजून थोडी. हं. आता हलायचं नाही."

कोणी हललं नाही. त्यांनी बटण दाबलं. बायको त्यांच्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावली आणि तिने त्यांचा दंड घट्ट धरला.

"अहो," ती कुजबुजली, "बरोबर मधोमध आलंय."

"येणारच," हनुवटीराव म्हणाले. त्यांचं काम अजून संपलं नव्हतं. त्यांनी पडद्यावरचा फोटो मोठा केला आणि आधी डावीकडे, मग उजवीकडे नीट तपासून पाहिलं. दोन्ही कान स्पष्ट दिसत होते.