एका कनेक्शनवर चौघं

सासूबाईंनी सुनेला ऑफिसच्या वेळात फोन करायचा नाही, असा त्या घरातला अलिखित करार होता. बुधवारी सव्वाअकराला तो मोडला.

"तुझ्या कंपनीचा मेसेज आलाय मला," सासूबाईंचा आवाज फ्रीजमधून काढल्यासारखा होता. "वाचते, ऐक. 'उद्या सकाळी अकराला आपली नसबंदी आहे. रात्रीपासून उपाशी ठेवावे. चावत असल्यास तोंडाला जाळी बांधून आणावे.' तू लिहिलंस हे?"

"अहो आई, तो जनावरांच्या दवाखान्याचा मेसेज आहे! तुम्हाला दातांच्या डॉक्टरांचा यायला हवा होता."

"चावत असल्यास," सासूबाईंनी तेवढंच पुन्हा वाचलं आणि फोन ठेवला.

सूनबाईंची कंपनी दोन दवाखान्यांच्या वतीने आठवणीचे मेसेज पाठवायची. एक दातांचा, एक जनावरांचा. वेबसाइटवर कोणी वेळ घेतली की सर्व्हर मेसेज एका रांगेत नेऊन ठेवी आणि रांगेतून तो फोनवर जाई. हे सगळं सूनबाईंनी स्वतः लिहिलं होतं. तेव्हा चूक त्यात असणं शक्यच नव्हतं.

तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. एका शिकारी कुत्र्याच्या मालकाला 'आपली कवळी तयार आहे' असा मेसेज गेला होता आणि तो कवळी घेऊन जायला तयार नव्हता.

"रीस्टार्ट करा," साहेब म्हणाले. सर्दीपासून सर्व्हरपर्यंत त्यांच्याकडे हा एकच काढा होता.

रीस्टार्ट झालं. जेवणाच्या सुट्टीत एकही तक्रार आली नाही. साहेबांनी वरच्यांना 'समस्या सोडवली' असं कळवलंसुद्धा. जेवणाच्या सुट्टीत वेबसाइटवर कोणी येत नाही, हे कळवायचं राहिलं. तीन वाजता गर्दी वाढली आणि पुन्हा नसबंद्या सुरू झाल्या.

"कोडमध्ये गडबड आहे," सर्व्हर सांभाळणारा म्हणाला.

"माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतंय," सूनबाई म्हणाल्या.

"मग तुमचा लॅपटॉपच गिऱ्हाइकांना देऊन टाका ना!"

गुरुवारी सकाळी साहेबांनी मीटिंग घेतली. तासाभराच्या विचारमंथनातून ठरलं की सर्व गिऱ्हाइकांची माफी मागायची. कशी? अर्थातच मेसेज पाठवून. कुठून? त्याच रांगेतून. सूनबाई काही बोलणार होत्या, पण साहेबांनी बटण दाबलं होतं.

अडीच हजार माफीनामे आणि रोजचे मेसेज एकमेकांत घुसले. कोणाला 'झाल्या प्रकाराबद्दल क्षमस्व, टाके परवा काढू' असं गेलं. कोणाला 'आमची दाढ दुखत असल्यास आपण दिलगीर आहात' असं गेलं. एका वकिलांना 'शेपूट कोरडी ठेवावी, पुन्हा असे होणार नाही' अशी हमी मिळाली. त्यांनी लेखी उत्तर मागितलं.

आता साहेबांचा सूर बदलला. "मॅडम, उद्या दुपारपर्यंत हे बंद झालं नाही, तर कोणाला घरी पाठवायचं ते मला ठरवावं लागेल." ठरवताना ते सूनबाईंकडेच बघत होते.

संध्याकाळी घरी सासूबाई गाल धरून बसल्या होत्या. जाब विचारायला त्या दातांच्या दवाखान्यात गेल्या होत्या. भांडण्यासाठी तोंड उघडलं, डॉक्टरांनी टॉर्च मारली आणि चार महिने टाळलेली दाढ त्यांच्या हातात आली. सासूबाईंना दोन दिवस बोलायला बंदी होती. आठ वर्षांत पहिल्यांदाच सूनबाईंनी शांतपणे जेवण केलं आणि कंपनीचे आभार मानावेत का, या विचारात पडल्या.

शुक्रवारी सकाळी सर्व्हरवाल्याने स्वतःच्या निर्दोषपणाचा पुरावाच आणला. "हे बघा, रांगेवर लोड काहीच नाही. आख्ख्या सर्व्हरचं मिळून एकच कनेक्शन दिसतंय."

"एकच?" सूनबाई उठल्या. "पण कामाला चार प्रोसेस आहेत, एकाच प्रोग्रॅमच्या चार प्रती!"

"मग चौघं मिळून एक वापरत असतील. काटकसर."

सूनबाई पुन्हा खाली बसल्या. सगळा उलगडा झाला होता. सर्व्हर सुरू होताना आधी एक मूळ प्रोसेस उठायची, रांगेशी कनेक्शन उघडायची आणि मग स्वतःच्या चार प्रती काढायची. चौघांच्या हातात तीच लाइन यायची. गर्दी नसली की एकेक जण बोले. गर्दी झाली की चौघं एकदम तोंड सोडत आणि पलीकडे एकाच्या नावाला दुसऱ्याचा मजकूर चिकटे. लॅपटॉपवर प्रत एकच, त्यामुळे तिथे सगळे सभ्य.

कनेक्शन इतक्या आधी उघडण्याची अक्कल कोणाची, हे त्यांनी कोडमधल्या बदलांच्या जुन्या नोंदींत शोधलं. नाव त्यांचंच होतं. पुढे शेराही होता: 'किरकोळ सुधारणा.' त्यांनी ती खिडकी बंद केली आणि कोणी पाहिलं नाही ना, हे पाहिलं.

आधी प्रती काढायच्या, मग ज्याने त्याने आपापलं कनेक्शन उघडायचं. कोडच्या चार ओळी खाली सरकवल्या. रांगेवर चार कनेक्शनं दिसली. दुपारी कितीही गर्दी झाली तरी दात दातांकडे गेले, शेपट्या शेपट्यांकडे. अहवालात सूनबाईंनी 'प्रारंभिक रचनेतील दोष दूर केला' असं लिहिलं. रचना कोणाची, हे विचारण्याइतकं साहेबांना कळत नव्हतं.

सोमवारी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. सूनबाई शाबासकीच्या तयारीने गेल्या.

"दातांच्या डॉक्टरांचा फोन होता. चिडलेत."

"आता काय चुकलं?"

"आता काहीच चुकत नाहीये, हीच तक्रार आहे. बरोबर मेसेज गेला की पेशंट घरी बसतो म्हणे. चुकीचा गेला की तावातावाने भांडायला येतो, आणि एकदा तोंड उघडलं की पुढचं डॉक्टर बघतात. त्या तीन दिवसांत त्यांनी सतरा दाढा काढल्या." साहेबांनी आवाज खाली आणला. "मॅडम, त्या ओळी पुन्हा वर सरकवता येतील का?"

"येतील की," सूनबाई म्हणाल्या. "पण जनावरांच्या डॉक्टरांचं काय?"

"त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, पाठवा. माणसं त्या मानाने कमी चावतात."