साखळ्या सैल करणारा बहुवारिक

माझी नजर घारीची आहे, कान सशाचे आहेत आणि डोकं कोणाचं ते, माझ्या बहिणीच्या मते, अजून ठरायचं आहे. गुन्हेगार माझं नाव ऐकून चळाचळा कापतात, असं मला खात्रीलायक गोटातून समजलं आहे. गोट माझाच आहे.

परवा सकाळी भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. "मामा, बहुवारिकाच्या साखळ्या वेळेआधीच सैल होतायत. दुपारपर्यंत कारण नाही सापडलं तर आमच्या मार्गदर्शक बाई माझा संशोधनाचा विषय काढून घेणार."

बहुवारिक. म्हणजे एकाहून अधिक वार करणारा. त्यात साखळ्यांची चोरी. मी भिंग घेऊन निघालो.

प्रयोगशाळेत पोचल्यावर कळलं, की बहुवारिक म्हणजे प्लॅस्टिक, आणि साखळ्या सोन्याच्या नसून त्याच्याच पोटातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, एकमेकींत गुंतलेल्या. तापवलं की त्या हलू लागतात आणि प्लॅस्टिक मऊ पडतं. जाड तुकडा ठरल्या तापमानाला मऊ होई. पण त्याच प्लॅस्टिकचा काचेवर अगदी पातळ थर दिला, की तो आधीच ढेपाळे. बाईंच्या मते भाची मोजण्यात चुकत होती.

मला घातपाताचा वास आला. शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला फारच प्रामाणिक दिसत होता, म्हणून आधी त्याला धरला. तो म्हणाला, मी इथे फक्त डबा खातो. मग विजेची शेगडी तापमान खोटं सांगते का, हे बोट लावून पाहिलं. ती खरं बोलत होती. बोट अजून सुजलेलं आहे.

शेवटी गुन्हेगाराला रंगेहाथ पकडायला मी कपाट आणि भिंत यांमधल्या फटीत शिरलो. शिरलो, एवढंच. पाठ भिंतीला चिकटली, पोट कपाटाला. बाहेर राहिलेला एक हात तेवढा मोकळा होता. तो मी जिवाच्या आकांताने हलवू लागलो.

"मामा, काय करतोयस?"

"पाळत ठेवतोय."

तेवढ्यात बाई आल्या आणि त्यांनी काहीतरी काढायला कपाट उघडलं. दार सबंध मागे फिरून माझ्या हातावर आलं. हात थांबला.

भाची टक लावून बघत राहिली. "बाई, दार जरा मिटा." हात हलला. "आता उघडा." थांबला. बाईंनी हे आणखी चार वेळा केलं. शास्त्रात म्हणे खात्री करून घ्यावी लागते.

"थराच्या उघड्या पृष्ठभागावरच्या साखळ्यांना दाबायला कोणी नसतं," भाची हळूच म्हणाली. "त्या आधी हलतात. जाड तुकड्यात अशा मूठभर, म्हणून कळत नाही. पातळ थरात मात्र त्याच जास्त."

"मग वरून झाकून बघ," बाई म्हणाल्या.

तिने थरावर धातूचा मुलामा चढवून तो तापवला. ठरल्या तापमानापर्यंत थर ताठ राहिला. विषय भाचीकडेच राहिला. घातपात नव्हता, चोर नव्हता. थर पातळ होता, बस. पातळपणाला बेड्या कशा घालतात, ते मला ठाऊक नाही.

मग बाईंना माझी आठवण झाली. यांना बाहेर कसं काढायचं, त्यांनी विचारलं.

भाचीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शेगडीकडे. "वेळ लागेल बाई. मामा जाड थर आहे."