खिशातल्या पुस्तकातले पणजोबा

संग्रहालयाच्या प्रकाशन विभागात एक टेबल, एक भिंग आणि एक संपादक, एवढाच सरंजाम होता. संग्रहातली थोर चित्रं खिशात मावतील अशा छोट्या पुस्तकांतून घरोघर पोचवायची, हे संपादकाचं काम. आतापर्यंत पाच पुस्तकं निघाली होती आणि पाचांनाही कोणी हिंग लावून विचारलं नव्हतं.

"सहावंही असंच पडून राहिलं," संचालक म्हणाले, "तर तुमची बदली सामानघराच्या खिडकीवर. बसा लोकांच्या छत्र्या सांभाळत."

छत्र्यांशी संपादकाचं काही वैर नव्हतं. पण अठ्ठावीस वर्षं चित्रं पाहिल्यावर उरलेली तीन वर्षं छत्र्या पाहायच्या, या कल्पनेनंच त्याला रडू येई.

सहाव्या पुस्तकातलं मुख्य चित्र म्हणजे संग्रहालयाच्या जिन्यात लावलेली एक जुनी लढाई. वीस फूट रुंद, आणि टांगलेली इतक्या उंचावर की बघणाऱ्याची मान मोडावी. चित्र ज्यांच्या घराण्यानं भेट दिलं होतं, त्या देणगीदारांचे पणजोबा त्या लढाईत होते. पुस्तकाचं प्रकाशनही त्यांच्याच हस्ते व्हायचं होतं. छपाईचा नमुना पाहून त्यांनी फोन केला.

"आमचे पणजोबा दिसत नाहीत!"

संपादकानं भिंग लावलं. वीस फुटांची लढाई दोन पानांवर बसवताना पणजोबांचा तीळ झाला होता, आणि तो तीळ नेमका मधल्या शिवणीत गेला होता.

"चित्र जरा डावीकडे सरकवा," त्यानं छापखानेवाल्याला सांगितलं.

"सरकवतो. पण मग सेनापतीचं मुंडकं शिवणीत जातं."

"उजवीकडे?"

"मग सेनापती पानाबाहेर जातो, त्याच्या घोड्याचा तेवढा पार्श्वभाग वाचतो."

"लहान केलं तर?"

"अजून लहान? मग ही लढाई आहे की मुंग्यांची रांग, ते खाली लिहावं लागेल."

संपादक घरी येऊन ताटावर नुसताच बसून राहिला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"अहो, मग त्या पणजोबांचाच एकट्यांचा मोठा फोटो टाका की पुढच्या पानावर. त्यात काय एवढं?"

तोड नामी होती. पण पुस्तकाची पानं सोळा-सोळाच्या घडीत छापली जातात. एक वाढवायचं तर एक काढावं लागतं. संपादकानं जे पान काढलं, त्यावर कपडा शिवत बसलेल्या म्हातारीचं चित्र होतं. साऱ्या संग्रहालयात त्याला सर्वांत आवडणारं.

छायाचित्रकार शिडी लावून वर चढला. संपादकाचे गुडघे दुखत होते, म्हणून तो खालीच थांबला. चित्राखालची ओळ त्यानं देणगीदारांच्या पत्रातूनच उचलली. पुन्हा नमुना काढायला वेळ नव्हता. पानं थेट छापायला गेली.

प्रकाशनाच्या सकाळी पुस्तकं आली. संपादकानं पहिली प्रत उघडली आणि मटकन खाली बसला. आधीच्या दोन पानांवर सगळं सैन्य उजवीकडे, किल्ल्याच्या दिशेनं निघालं होतं. पान उलटलं की पणजोबा. त्यांचा घोडा एकटाच डावीकडे, घराच्या दिशेनं चौखूर उधळला होता. हातात भाला नव्हता. काखेत कोंबडी होती. आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'शत्रूवर तुटून पडताना'.

साठ वर्षं चित्र जिन्यात होतं, पण इतक्या जवळून ते कोणाच्या बापानं पाहिलं नव्हतं.

"काय हो, तब्येत बरी आहे ना?" संचालकांनी विचारलं.

"हो साहेब. सामानघराची खिडकी किती वाजता उघडते?"

समारंभाला देणगीदार आपल्या म्हाताऱ्या आत्याबाईंना घेऊन आले. फीत कापली गेली. देणगीदारांनी ते पान उघडलं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. कान लाल झाले होते.

संपादकानं हात जोडले. तोच आत्याबाईंनी पुस्तक ओढून घेतलं, चष्मा नाकावर चढवला आणि खुदकन हसल्या.

"अगं बाई, आजोबाच की! अरे, जे पुढे गेले ते सगळे तिथेच संपले. यांचं तेव्हा लग्नसुद्धा झालं नव्हतं. हे मागे फिरले, म्हणून तू आज इथे फिती कापतोयस."

देणगीदारांनी क्षणभर विचार केला. मग त्यांची छाती हळूहळू फुगली.

"म्हणजे दूरदृष्टी! संचालकसाहेब, आमच्या घराण्यातले आणखी चौदा जण तुमच्या चित्रांत आहेत. प्रत्येकाला असंच एक पान हवं, अगदी जवळून. आणि हेच संपादक हवेत मला."

"अर्थात! यांना कुठे सोडतोय आम्ही!" संचालकांनी संपादकाच्या पाठीवर थाप मारली.

बदली टळली. संपादकाचे डोळे भरून आले. तेवढ्यात आत्याबाईंनी त्याची बाही धरून त्याला बाजूला ओढलं.

"बाबा रे, चौदाही जण जवळून दाखवणार आहेस?"

"हो आत्याबाई."

"जरा जपून हो," त्या कुजबुजल्या. "आमच्यातले हेच शूर होते."