खत लगेच पाठवा

सभागृहात तीन गावांचे तीन अध्यक्ष येऊन बसले, पाण्याचे पेले भरले गेले, पेनांची टोपणं निघाली आणि मुख्य लिपिकाने बॅग उघडली, तर आत जेवणाचा डबा, छत्री आणि चष्म्याचं रिकामं घर. करारखत नव्हतं.

या मुख्य लिपिकाला सगळी कचेरी कलमराव म्हणायची. कारण हा माणूस साधा सुट्टीचा अर्जसुद्धा कलमं पाडून लिहायचा. घरी बायकोने वाणसामान सांगितलं तरी त्यात पोटकलम 'अ' आणि पोटकलम 'ब' निघायचं. अशा माणसाच्या हाती गेली तीन वर्षं तीन गावांचा कचरा होता. म्हणजे कागदावरचा. खरा कचरा होता तिथेच होता आणि दिवसेंदिवस वाढत होता.

ही तीन गावं नदीच्या काठाने एकाखाली एक वसलेली. वरच्या गावाने आपला कचरा मधल्या गावाच्या हद्दीत लोटायचा, मधल्याने तो खालच्याच्या हद्दीत लोटायचा आणि खालच्याने दोघांच्या नावाने बोटं मोडायची, असा पिढ्यानपिढ्यांचा शिरस्ता. शेवटी मधल्या गावाचा कचरा डेपो इतका शिगोशिग भरला की ढीग शाळेच्या भिंतीवरून आत डोकावायला लागला. तेव्हा कुठे तिघं एका टेबलाशी आले. ठरलं ते असं. गाड्या वरच्या गावाने द्यायच्या, सुका कचरा मधल्या गावाने निवडून विकायचा आणि ओल्या कचऱ्याचं खत खालच्या गावात करायचं. खालच्या गावाचे अध्यक्ष तेवढे एका शब्दावर अडून बसले होते. "वास येईल." त्यांची समजूत काढता काढता कलमरावांनी करारात दुर्गंधी-निवारणाचं एक अख्खं प्रकरणच घातलं. काल ते कसेबसे "बरं, बघू" म्हणाले होते. त्यांचं 'बघू' उद्यापर्यंत टिकेल याची कुणालाही खात्री नव्हती. अध्यक्षांच्या सह्या होतील तर आजच. कचेरीच्या मागे भरलेल्या गाड्या उभ्या होत्या आणि त्या रिकाम्या करायला पृथ्वीतलावर जागा उरली नव्हती.

या कागदाचं नावही कलमरावांनीच ठेवलेलं. करारनामा हा शब्द त्यांना भाड्याच्या खोलीसारखा वाटे, म्हणून त्यांनी 'प्रादेशिक घनकचरा सहकार्य करारखत' असं भारदस्त नाव दिलं. ते कुणाच्याच तोंडात बसेना. तेव्हा सगळे त्याला नुसतं 'खत' म्हणू लागले. "खत टाइप झालं का?" "खतावर सभासदांच्या सह्या झाल्या का?" तीन वर्षं हेच ऐकून कलमरावांच्या तोंडीही तेच बसलं होतं. तिन्ही गावांच्या सगळ्या सभासदांच्या सह्या झालेलं ते खत ते काल घरी घेऊन गेले होते. कचेरीच्या कपाटात उंदीर फार, आणि शेवटची एकदा काना-मात्रा तपासायची होती.

चेहरा हसरा ठेवून ते बाहेर व्हरांड्यात आले आणि त्यांनी घरी फोन लावला. बायको नर्स, ती ड्यूटीवर. फोन सासूबाईंनी उचलला. सासूबाई वर्षभरापासून यांच्याकडेच राहत होत्या आणि येताना एकच सामान घेऊन आल्या होत्या. झाकणाच्या दोन बादल्या. त्या गॅलरीत मांडून त्यांत त्या घरच्या कचऱ्याचं खत करायच्या. या बादल्यांवरून जावई आणि सासूबाईंमध्ये शीतयुद्ध चालू होतं, हे कलमराव या क्षणी साफ विसरले.

"आई, खत घरीच राहिलंय!"

"राहणारच की. कुठे जातंय ते?"

"तयार आहे ना?"

"तयार म्हणजे? सकाळीच बघितलं. दृष्ट लागेल असं झालंय."

"तुम्ही बघितलंत?" कलमरावांना भरून आलं. त्यांचा मसुदा आजवर घरात कुणी बघितला नव्हता. "आई, ते लगेच कचेरीत पाठवा. तीन गावांचे अध्यक्ष त्याच्यासाठी खोळंबलेत."

"अध्यक्ष? माझ्या खतासाठी?"

"आता तुमचं-आमचं काय आई, तिन्ही गावांचं आहे ते!"

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "सगळंच पाठवू?"

"सगळं! एक पान मागे राहता कामा नये."

"पानं कुठली ओळखू यायला, सगळं एकजीव झालंय."

"हो हो, शिवलंय मी ते. सांभाळून आणा म्हणावं. खाली ठेवू नका, भिजवू नका."

"छे हो, कोरडं आहे छान. मी स्वतःच येते," म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला. वर्षभर ज्या बादल्यांवरून जावई नाक मुरडत होता, त्या बादल्यांना आज राजदरबारी बोलावणं आलं होतं. त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

इकडे कलमराव पाहुण्यांची बडदास्त ठेवत होते. चहा झाला. दुसरा चहा झाला. वरच्या गावच्या अध्यक्षाबाई घड्याळाकडे आणि खालचे अध्यक्ष दाराकडे बघायला लागले. "खत निघालंय, वाटेतच आहे," असं कलमरावांचे स्वतःचे, म्हणजे मधल्या गावचे, अध्यक्षसाहेब सांगत होते. त्यांनी हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि दार उघडलं.

आत आल्या सासूबाई. ठेवणीतले कपडे, केसांना तेल, चेहऱ्यावर हसू. मागे टॅक्सीवाला. त्याच्या पाठीवर गच्च भरलेलं पोतं.

"कुठे ठेवू?" टॅक्सीवाला म्हणाला.

"साहेबांच्या पुढेच ठेव," सासूबाई म्हणाल्या. "खाली ठेवायचं नाही म्हणालेत."

पोतं टेबलावर बसलं. टेबल कुरकुरलं. कलमरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, हे काय?"

"खत!"

"अहो, खत म्हणजे... करारखत! कागद! टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं ते!"

सासूबाई विचारात पडल्या. "टेबलावर? वर्तमानपत्रात? जाडजाड कागद होते आत, ते?"

"तेच! तेच! कुठायत?"

"अहो, हे काय, यातच आहेत की," असं म्हणून त्यांनी पोत्यावर मायेने हात ठेवला. "काल जेवताना तुम्हीच नाही का म्हणालात, गॅलरीत वास मारतोय म्हणून? ओलं जास्त झालं की मारतो वास. त्यावर कोरडा कागद फाडून घालायचा. रद्दी शोधली, तर हाच गठ्ठा समोर. छान जाड कागद, पाणी ओढून घेतो. बारीक पट्ट्या करून घातल्या. वरचा थर अजून कच्चा आहे, पण तुम्ही म्हणालात, सगळं पाठवा."

कलमराव खुर्चीत बसले. तीन वर्षं, तीन गावांच्या सह्या, बेचाळीस कलमं आणि दुर्गंधीचं अख्खं प्रकरण, सगळं वांग्याच्या देठांत आणि केळ्यांच्या सालींत मिसळलं होतं.

"सह्या सापडल्या तर चिकटवता येतील," मधल्या गावचे अध्यक्ष केविलवाण्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं. अध्यक्षाबाईंनी बांगड्या मागे सारल्या. "सरका जरा, तुम्हाला निवडायची सवय नाही." बघता बघता टेबलावर दोन ढीग झाले, एकीकडे कागद, एकीकडे खत. खालचे अध्यक्ष पाच मिनिटं हाताची घडी घालून बसले, मग त्यांनाही राहवेना. "अहो, ती सही आमच्या उपाध्यक्षाची आहे, इकडे द्या. तिकडे काय टाकताय!" तीन गावांच्या इतिहासात तिघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम होतं.

सह्या काही जुळेनात. एका पट्टीवर 'पक्षकार', दुसरीवर 'दंडास पात्र', तिसरीवर नुसतंच 'किंवा'. कलमराव प्रत्येक पट्टी हातात घेऊन ओळखीचं माणूस गेल्यासारखे हळहळत होते. "हे बत्तिसावं. याच्यावर मी किती दिवस घालवले होते."

इतक्यात खालचे अध्यक्ष एकदम थांबले. त्यांनी तळहात नाकाशी नेला. मग पोत्यात तोंड घातलं.

"आजी," ते वर येत म्हणाले, "मघापासून कोपरापर्यंत हात घालून बसलोय. वास कुठाय?"

"गेला की."

"कशाने गेला?"

"सांगितलं ना, या कागदांनी. काल मारत होता, हे घातले आणि आज सकाळी बघते तर काही नाही."

खालच्या अध्यक्षांनी एक पट्टी उचलून चष्म्याजवळ धरली. तिच्यावर 'दुर्गंधी-निवा' एवढंच शिल्लक होतं. ते हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कलमराव, तीन वर्षं तुम्ही मला हे प्रकरण वाचून दाखवताय. मी म्हणायचो, कलमांनी कुठे वास जातो का! गेला की हो! आणा एक कोरा कागद."

"पण सभासदांच्या सह्या..." कलमराव चाचरले.

"माझे सभासद मी बघून घेतो," अध्यक्षाबाई म्हणाल्या. "नाहीतरी बेचाळीस कलमं त्यांच्यातल्या कुणी वाचली होती?"

"मी पण नव्हती वाचली," मधले अध्यक्ष पटकन म्हणाले आणि जीभ चावली.

कोऱ्या कागदावर चार कलमं झाली. गाड्या कुणी द्यायच्या, सुकं कुणी निवडायचं, ओलं कुठे न्यायचं, आणि ओलं जास्त झालं तर कागद घालायचा. कलमरावांचा हात पाचव्या कलमासाठी शिवशिवत होता, पण त्यांना कुणी विचारलं नाही. तिघांनी सह्या केल्या. कागदावर तीन मातकट अंगठे उमटले, ते तसेच राहू दिले. मागच्या बाजूने गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला तसं कलमरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं.

आणि मग खरं भांडण लागलं. हा कागद ठेवायचा कुणाकडे?

"आमच्याकडे," मधले अध्यक्ष म्हणाले. "कलमराव घरी नेतील."

"कलमरावांच्या घरी?" बाकीचे दोघं एकदम ओरडले.

"मग आमच्याकडे," खालचे म्हणाले. "म्हणजे उद्या तुमचं मन फिरलं की कागद नदीत," अध्यक्षाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे द्यावा तर तुमच्या कपाटातून काही परत येत नाही, तो पंपाचा करार आठवतोय ना?" खालचे अध्यक्षाबाईंवर उलटले. झालं. आवाज चढले, जुने हिशेब निघाले, खालचे अध्यक्ष उभे राहिले. कलमरावांचं धाबं दणाणलं. त्यांनी दोघांच्या मधून कागद उचलला आणि काही न सुचून सासूबाईंच्या हातात दिला.

भांडण तिथेच थांबलं. सासूबाई कोणत्याच गावच्या नव्हत्या. आणि कागद कधी फाडायचा हे ठरवायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही, हे सगळ्यांनी नुकतंच पाहिलं होतं.

"हे चालेल," खालचे अध्यक्ष खाली बसत म्हणाले.

"ठेवते मी," सासूबाई म्हणाल्या. "पण आधीच सांगते. खत नुसतं झाकून ठेवलं की सडतं. ते दर महिन्याला तळापासून उलथून बघावं लागतं. तेव्हा मी दर महिन्याला तिन्ही गावांत येणार आणि कोण काय करतंय ते बघणार."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांनीही माना डोलावल्या.

कलमरावांनी हळूच पेन काढलं. "आई, घालू का हे पाचवं कलम म्हणून?"

"घाला. आणि त्यात पोटकलम 'अ' घाला, की मला गाडीतून जावईबापू घेऊन येतील."

कलमरावांनी घातलं. मग जरा थांबून, कुणी न सांगता, त्यांनी पोटकलम 'ब' घातलं, की बादल्या गॅलरीतच राहतील.