आधी पत्ता, मग दार

जगातले बहुतेक गोंधळ होतात ते लोक आधी काम करतात आणि मग कागद करतात म्हणून. आमच्या कार्यालयात असं कधीही होत नाही.

आमचं कार्यालय परिचारिकांच्या बदल्यांचं. अर्ज फक्त वेबसाइटवर घेतो. वेबसाइटला नाव असतं आणि नावामागे एक आकडी पत्ता. कुठल्या नावाचा पत्ता कोणता, हे इंटरनेटच्या एका वहीत नोंदलेलं असतं. जुने पत्ते जगभर संपत आले, म्हणून नवे निघाले. ते इतके लांब, की साहेबांनी आमचा पत्ता मोठ्याने वाचायला घेतला आणि मध्ये चहा येऊन गार झाला. महिनाअखेरपर्यंत प्रत्येक कार्यालयाने नव्या पत्त्याची नोंद करावी, असा वरून आदेश आला.

नोंद म्हणजे एका ओळीचं काम. त्यामुळे समिती नेमावी लागली. मी तिचा सचिव. पहिल्या सभेत नव्या पत्त्यात आकड्यांबरोबर अक्षरं असणं कार्यालयाला शोभतं का, यावर चर्चा झाली. (शोभतं, असं ठरलं.) दुसरी सभा पहिलीचं इतिवृत्त दुरुस्त करण्यात गेली. तिसरीत आमचा तंत्रज्ञ बोलला. त्याला सगळे वायरवाला म्हणतात.

"साहेब, नोंद शेवटी करू. आधी आपलं यंत्र त्या पत्त्यावर चालू करायला हवं. नाहीतर नव्या फोनवाला माणूस तिथे जाईल आणि दारच नसेल."

"आदेशात यंत्राचा उल्लेख दाखव," साहेब म्हणाले.

उल्लेख नव्हता. नोंद मुदतीच्या दोन दिवस आधीच झाली. साहेबांनी आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडून पाहिली. ती झटकन उघडली. (कार्यालयाची लाइन जुनी आहे, ती जुन्याच पत्त्यावर जाते.) मला त्या क्षणी साहेबांचा खरोखर अभिमान वाटला.

पंधरा दिवसांनी वायरवाल्याला धाकट्या बहिणीचा फोन आला. ती लांबच्या गावी परिचारिका. चार वर्षांची पोरगी इथे आजीपाशी, आणि आता आजीलाच आई म्हणायला लागलेली.

"दादा, तुमचं पान नुसतं गोल गोल फिरतंय रे. मैत्रिणींच्या फोनवरही तेच. उद्या शेवटची तारीख आहे!"

वायरवाला धावत साहेबांकडे गेला. "साहेब, ती नोंद काढू या, म्हणजे सगळे फोन पुन्हा जुन्या पत्त्यावर जातील. एका मिनिटाचं काम आहे."

साहेबांनी कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. "माझ्याकडे तर उघडतंय. तक्रारी किती आल्या?"

एकही नाही. (तक्रारीचा अर्ज त्याच वेबसाइटवर आहे.) शिवाय नोंद समितीने केलेली, तेव्हा काढायलाही समितीच हवी आणि सभेला सात दिवसांची नोटीस. कागदी अर्ज आम्ही अर्जदारांच्या सोयीसाठी तीन वर्षांपूर्वीच बंद केले आहेत. वायरवाल्याने तिचा अर्ज स्वतः भरायची परवानगी मागितली. पण नातेवाइकाचा अर्ज भरणं हा गैरप्रकार ठरतो. नियम म्हणजे नियम. त्याचा चेहरा पाहून मलाही जरा वाईट वाटलं, पण तसं नोंदवायला रकाना नव्हता.

मुदत संपली. गेल्या वर्षी १,१४० अर्ज आले होते, यंदा २१२. म्हणजे बदलीची इच्छा ८१.४ टक्क्यांनी घटली; परिचारिका आहेत तिथे सुखी आहेत. असं सुख एका ओळीत साधणारं आमचं पहिलंच कार्यालय. दोन कार्यालयांनी आमची फाइल अभ्यासाला मागवली आहे. वायरवाल्याची बहीण त्या २१२ मध्ये नाही. पुढचे अर्ज पुढच्या वर्षी.

समितीचा अहवाल मीच लिहिला. शेवटचं वाक्य असं : 'ज्यांचे अर्ज राहिले, त्यांनी शेवटच्या दिवसाची वाट पाहिली, दोष त्यांचाच.' वायरवाल्याने त्याखाली सही करायला साफ नकार दिला, त्यामुळे एक सही कमी पडते आहे. पण मघाशी तो फोन वाचताना 'बाईंनी इतके दिवस थांबायचंच कशाला?' असं तुमच्या मनात आलं होतं ना? मग हे घ्या पेन.