हळदीचा मंजूर ठिपका

कुरकुंभच्या सारिकाबाईंना लष्करी ट्रकच्या दिव्याचं बटण उत्तम बनवता येत होतं, पण त्यानं काय होतंय? बटण बनवणं निराळं आणि मंजूर पुरवठादारांच्या यादीत टिकणं निराळं. यादीत टिकलं तर शेडमधल्या चौघींचं काम राहणार होतं. नाहीतर शटर ओढायचं, हे ठरलेलं.

नमुना निघायच्या दिवशी सासूबाई धुरपदाबाई देव्हाऱ्यातली हळद घेऊन आल्या. पहिला नग हळद लावल्याशिवाय घराबाहेर जात नाही, ही त्यांची रीत. बटणावर बोट टेकवलं, हात जोडले. बटण पुण्याच्या खरेदी कार्यालयात अकरा महिने कपाटात बसलं आणि चक्क पास झालं! सोबत मंजूर ड्रॉइंग आलं. त्यात लिहिलं होतं : 'दर्शनी भागी पिवळा ठिपका, उजवीकडे किंचित ओघळलेला. अनिवार्य.'

"आत्या, तुमचं बोट सरकारदरबारी लागलं बघा!" सारिकाबाईंनी कपाळाला हात लावला.

मग काय, पाचशे बटणांची ऑर्डर आली आणि धुरपदाबाईंनी पाचशे वेळा बोट टेकवलं. निरीक्षकसाहेब आले. बटण त्यांनी दाबलं नाही. पट्टी काढून ठिपके मोजले.

"ठिपके नियमानुसार आहेत. हळद मंजूर पुरवठादाराची आहे का?"

"सायेब, माज्या हातानं कुटलीया."

"म्हणजे यादीबाहेरची."

"आवो, पन दिवा लागतुया का त्ये तरी बगा!"

"ते आमच्या कक्षेत येत नाही, आजी."

आता आली का पंचाईत! यादीत हळदवाला एकही नव्हता. निविदा निघाली. अट एकच : लष्कराला बटणासाठी हळद पुरवल्याचा तीन वर्षांचा अनुभव. अर्ज एकही आला नाही आणि पाचशेचा लॉट रिजेक्ट झाला. सारिकाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

शेवटी त्यांनी सगळी बटणं दौंडला 'माऊली' नावाच्या सुट्या भागांच्या दुकानात ठेवली. ट्रॅक्टरवाले आले, ठिपका बघितला, शेजारी टांगलेलं लष्कराचं ड्रॉइंग बघितलं, "मिल्ट्रीचं हाय व्हय?" म्हणाले आणि आठ दिवसांत माल खलास! शेड वाचली. आता चौघींपैकी एक बटणं बनवते, तिघी ठिपके देतात. बिनठिपक्याचं बटण, तेच, त्याच हातचं, कुणी फुकटही नेत नाही.

पाचशे गिऱ्हाइकांपैकी एकानंही बटण दाबून पाहिलं नाही, याचं मात्र सारिकाबाईंना अजून वाईट वाटतं.

हसू आलं? येऊ द्या. फक्त एकदा उठून भिंतीवरच्या बटणाकडं बघा. घेताना तुम्ही ते दाबून पाहिलं होतं, की वरचं नाव वाचून पिशवीत टाकलं होतं?